‘उचलून नेऊ की!’ म्हणण्याआधी: व्हीलचेअरसह थीम पार्कला निघालेल्या कोल्हापूरकर ग्रुपसाठी

कोल्हापुरात ट्रिप ठरते आणि ग्रुपमध्ये कोणी व्हीलचेअरवर असतं, तेव्हा एक वाक्य हमखास येतं: "त्यात काय एवढं? पोरं हाईत की, उचलून नेऊ!" मन मोठं, दंडात ताकद, तालमीचा वारसा, सगळं मान्य. पण थीम पार्कचा दिवस आठ-दहा तासांचा असतो. गाडीतून उतरायचं, गेट पार करायचं, शौचालय, राइड, जेवण, पुन्हा राइड, पुन्हा शौचालय, पुन्हा गाडी. दर वेळी उचलायचं म्हटलं तर दुपारपर्यंत पोरांच्या कमरा धरतात, आणि ज्याला उचलतात त्याचा मूड सकाळीच गेलेला असतो. पालखीतल्या देवासारखं चारचौघांतून मिरवलेलं माणसाला आवडत नाही. देव तक्रार करत नाही एवढंच.

म्हणून उचलणं हा शेवटचा उपाय ठेवा. जिथे उचलायची वेळ येईल असं वाटतं, तिथे आधी एक फोन, एक मोजपट्टी किंवा घरची दहा मिनिटांची तालीम पुरते का ते बघा. बऱ्याच ठिकाणी पुरते.

ज्याला जायचंय त्याच्याशी बोला

ग्रुपवर मेसेज टाकून चर्चा सुरू करण्याआधी त्या माणसाशी स्वतंत्र बोला. त्याच्या आईशी किंवा बायकोशी नाही, त्याच्याशीच. काय बघायचंय, कुठल्या राइडवर बसायची इच्छा आहे, कशाची भीती वाटते, सलग किती वेळ बसवतं, उन्हाचा त्रास होतो का. आणि न लाजता: शौचालयाला कशी मदत लागते, कोणाची चालते.

व्हीलचेअर म्हटलं की सगळ्यांचं सारखंच, असा एक समज असतो. तसं नसतं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. लहानपणी पोलिओ झालेल्या काकांचे पाय बारीक असले तरी हात लोखंडी असतात, ते स्वतःच खुर्चीतून सीटवर सरकतात. मणक्याला मार लागलेल्या तरुणाला कमरेखाली स्पर्श कळत नसतो, तापलेल्या पत्र्यावर बसला तरी त्याला समजणार नाही. अर्धांगवायू होऊन गेलेल्या मामांची एक बाजू चालते, त्यामुळे त्यांना कुठल्या बाजूनं बसवायचं हे ठरलेलं असतं. आणि गुडघे गेलेली आजी दहा पावलं चालू शकते, तिला खुर्ची फक्त लांबच्या अंतरासाठी हवी असते. चौघांसाठी चार वेगळे बेत लागतात.

आजीसाठी खुर्ची भाड्यानं आणणार असाल तर सर्जिकलच्या दुकानात जाऊन तिला त्यात बसवून बघा. चारही चाकं छोटी असलेली खुर्ची हलकी असते, डिकीत पटकन मावते, पण फरशीच्या फटीत आणि खडीत अडते, शिवाय बसणाऱ्याला स्वतः चाक फिरवता येत नाही. दिवसभराच्या पार्कसाठी मागची चाकं मोठी असलेलीच घ्या. मोटारवाली खुर्ची असेल तर तिचं वजन आधी विचारा. बॅटरीसकट ती उचलायचा विचारही नको. शक्य असेल तर त्या दिवसापुरती साधी घडीची खुर्ची न्या.

कोल्हापूरकरांना या बाबतीत लांब जायला नको. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये उभी केलेली ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ ही संस्था इथलीच, आणि व्हीलचेअरवर नोकरी-धंदा-संसार करणारी कितीतरी माणसं या शहरात आहेत. ओळखीत कोणी असेल तर त्यांच्यासोबत तासभर बसा. खुर्ची कशी पकडायची, कुठे हात लावायचा नाही, हे त्यांच्याकडून जितकं कळेल तितकं कुठल्या व्हिडिओतून कळत नाही.

कुठे जायचं, आणि रंगीत तालीम कुठे करायची

कोल्हापूरच्या ग्रुपची मोठी थीम पार्कं एकाच हायवेच्या दोन टोकांना आहेत. उत्तरेला रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका, २०१३ साली सुरू झालेलं, इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. दक्षिणेला बेंगळुरूच्या पुढे बिडदीजवळ वंडरला, म्हणजे सहाशेच्या वर. पहिल्या खेपेला खोपोलीच बरं. तेही जाऊन-येऊन एका दिवसात करायचा हट्ट सोडा. पहाटे तीनला निघून रात्री दोनला परतणं चालत्या माणसालाही झेपत नाही, आणि इथे तर एकाच बैठकीत बसून राहण्याचे तासच मोजायचे आहेत. आदल्या दिवशी पुणे किंवा लोणावळा-खोपोलीपर्यंत जाऊन मुक्काम करा. लॉज बुक करताना खोली तळमजल्यावर आहे ना आणि बाथरूमचं दार किती रुंद आहे, एवढं विचाराच.

पावसाळ्यात खोपोलीकडे पाऊस मी म्हणतो. मे महिन्यात उकाडा असतो, शिवाय शाळांच्या सुट्ट्यांची गर्दी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतला साधा मंगळवार-बुधवार सगळ्यात चांगला. दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा टाळा. फक्त लक्षात ठेवा, हाच आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम, त्यामुळे हायवेला लागेपर्यंत दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर वाटेत भेटणार. अर्धा तास हाताशी ठेवा.

मोठ्या ट्रिपच्या आधी घराजवळ एक छोटी ट्रिप कराच. कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय त्यासाठी झकास. बारा बलुतेदारांची, जुन्या गावगाड्याची पुतळ्यांमधून उभी केलेली दृश्यं मोकळ्या जागेत पसरलेली आहेत. बघत बघत फिरायचं, गर्दीतून खुर्ची न्यायची, उन्हात थांबायचं, सगळ्याचा सराव होतो. तेवढं जमत नसेल तर संध्याकाळचा रंकाळा आहेच. दोन तास फिरून भेळ खाऊन आलात की कळतं: कोण खुर्ची नीट ढकलतो, कोण मोबाइल बघत ढकलतो, खुर्चीची गादी टोचते का, आणि ब्रेक लागतो का.

ब्रेकवरून आठवलं. साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवर दाबून बसतो. टायरमध्ये हवा कमी असली की ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. निघायच्या आदल्या दिवशी सायकलवाल्याकडे हवा भरून घ्या, नटबोल्ट आवळून घ्या. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं.

फोन: ‘सगळी सोय आहे’ हे उत्तर धरू नका

पार्कला फोन केला की पलीकडून "हो सर, सगळी सोय आहे" असं येतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण त्याच्या मनात ‘सोय’ म्हणजे गेटवर ठेवलेली एक खुर्ची असू शकते. तुम्ही नेमकं विचारा:

- पार्किंगपासून गेटपर्यंत किती अंतर, मध्ये पायऱ्या आहेत का? व्हीलचेअरवाल्या गाडीला गेटपाशी सोडता येतं का?
- फिरत्या दांड्यांच्या गेटशेजारी रुंद फाटक आहे का?
- दिव्यांगांसाठीचं शौचालय पार्कात नेमकं कुठे कुठे आहे, दार किती रुंद आहे, कुलूप असतं का, किल्ली कोणाकडे?
- कुठल्या राइडवर स्वतःच्या पायांनी चढ-उतार करावीच लागते, आणि कुठे खुर्ची अगदी सीटपर्यंत नेता येते?
- रांगेतल्या वळणांतून खुर्ची जाते का, नसेल तर वेगळा रस्ता कुठून?
- तिकिटात दिव्यांग व्यक्तीला आणि सोबत्याला सवलत आहे का, कुठलं कार्ड लागतं?
- वैद्यकीय कारणासाठी घरचं खाणं, औषधं आत नेता येतात का?

"साहेब, त्या शौचालयाच्या दाराचा आणि रॅम्पचा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?" असं म्हणून बघा. पाठवला तर उत्तम. टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच.

फोटो बघायचा कसा? रॅम्पचा हिशोब सोपा आहे: उंचीच्या बारा पट लांबी. म्हणजे सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा उतार हवा. दोन पायऱ्यांवर फळी टाकल्यासारखा तीन फुटांचा ‘रॅम्प’ दिसला, तर तो मालाच्या हातगाडीसाठी आहे असं समजा. दाराचं म्हणाल तर घरची खुर्ची बाहेरच्या बाजूनं मोजा, चाक हातानं फिरवायच्या गोल कड्यासकट. नेहमीची घडीची खुर्ची साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर भरते. ढकलणाऱ्या हातांना, कोपरांना जागा धरून दार ८० सेंटीमीटरचं असेल तर निर्धास्त, ७० ला कसरत.

यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र मूळ घ्या, फोनमध्ये फोटोही ठेवा. एसटीनं किंवा रेल्वेनं जाणार असाल तर भाड्यात सवलत आहे. एसटीत ७५ टक्के. पण एसटीची पायरी किती उंच असते हे सांगायला नको, आणि पुढे पार्कपर्यंत गाडी करावीच लागते. मोठ्या ग्रुपला स्वतःची किंवा भाड्याची गाडी परवडते.

गाडी ठरवताना डिकी उघडून बघा

सीएनजीची गाडी असेल तर डिकीत टाकी असते. सात माणसं, सात बॅगा आणि घडी केलेली खुर्ची, हे गणित तिथे फिसकटतं. गाडीवाल्याला "टाकी कुठेय भावा?" हे पहिलं विचारा. वर कॅरिअर असेल तर बॅगा वर, खुर्ची आत. उलटं करू नका. पावसात-धुळीत खुर्ची वर बांधली की बेअरिंग आणि गादी दोन्ही खराब.

टेम्पो ट्रॅव्हलरला जागा भरपूर असते, पण दाराची पायरी उंच आणि आतली वाट अरुंद. ग्रुप मोठा असेल तर ट्रॅव्हलरसोबत एक छोटी गाडी ठेवा आणि ज्याची खुर्ची आहे त्याला पुढच्या सीटवर बसवा. दार पूर्ण उघडायचं, सीट मागे सरकवायची, खुर्ची तिरकी लावायची. अगदी ठेंगणी कार असेल तर उतरताना त्रास होतो, उंच एसयूव्हीत चढताना. खुर्चीच्या सीटच्या उंचीला गाडीची सीट जितकी जवळ, तितकं सोपं. हे दारातच करून बघा, हायवेच्या कडेला नाही.

फुटरेस्ट, हातांचे दांडे, गादी असे सुटे होणारे भाग एका पिशवीत. त्या पिशवीला एकच माणूस जबाबदार. नाहीतर किणी टोलनाका ओलांडल्यावर आठवतं की डावा फुटरेस्ट घरच्या कट्ट्यावर राहिला.

पाणी आणि शौचालय

ट्रिपमध्ये व्हीलचेअरवरची माणसं काय करतात माहितीये? पाणी प्यायचं बंद करतात. आदल्या रात्रीपासूनच. "मला तहान नाही" म्हणतात. कारण साधं असतं: आपल्यामुळे गाडी थांबवायला लागू नये, आपल्याला शौचालयापर्यंत न्यायचा घोळ कोणाला पडू नये. मग दुपारी उन्हात डोकं गरगरतं, रात्री ताप येतो, लघवीची जळजळ सुरू होते. ग्रुपमधल्या कोणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळ्यांना ते ‘काही त्रास देत नाहीत’ याचं कौतुक असतं.

म्हणून थांबे तुम्हीच ठरवा आणि सगळ्यांसाठी ठरवा. "दर दोन तासांनी गाडी थांबणार, ज्याला जायचं त्यानं जावं, चहा होईल." त्याच्या नावानं गाडी थांबली असं वाटता कामा नये. तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर या टोलनाक्यांच्या अंतरानं बेत केला की थांबे आपोआप बसतात. हॉटेल निवडताना चवीपेक्षा पायऱ्या बघा. एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये जागा मोठी असते, पण तिथेही आधी एकानं उतरून शौचालय बघून यायचं आणि मगच खुर्ची काढायची. खुर्चीचं चित्र लावलेल्या दारामागे झाडू, बादल्या आणि फिनेलचे कॅन भरून ठेवलेले सापडतात, हा अनुभव या क्षेत्रातल्या कुणालाही नवा नाही. अशा वेळी भांडण्यात वेळ घालवू नका. सुपरवायझरला बोलवा, "हे पाच मिनिटांत रिकामं करून द्या, आम्ही चहा घेतो" म्हणा. होतं.

पार्कात शिरल्या शिरल्या, पहिल्या राइडच्याही आधी, जवळचं शौचालय स्वतः बघून या. दार बाहेर उघडतं की आत, आत खुर्ची वळते का, धरायला दांडा आहे का, जमीन ओली आहे का.

कॅथेटर (लघवीसाठी घातलेली नळी) किंवा युरिन बॅग असेल तर नळी पायाखाली, पट्ट्याखाली मुडपली नाही ना हे दर राइडनंतर बघा. छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत मणक्याची इजा असलेल्यांमध्ये मूत्राशय भरून तुंबलं की रक्तदाब अचानक चढतो: डोकं जोरात ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. हे ऊन लागणं समजून आडवं झोपवू नका. ताठ बसवा, पट्टा-कपडे सैल करा, नळी सरळ करा, बॅग भरली असेल तर रिकामी करा, आणि लगेच पार्कच्या प्रथमोपचार केंद्रात न्या. ज्याला हा त्रास असतो त्याला तो माहीत असतो. त्यानं ग्रुपमधल्या किमान दोघांना आधी सांगून ठेवावं.

अशा इजेत शरीराच्या खालच्या भागाला घामही येत नाही, त्यामुळे ऊन लवकर चढतं. पाण्याचा स्प्रे आणि मानेवर ओला पंचा, एवढं पुष्कळ काम करतं. आणि बसून बसून कातडी दबते. अर्ध्या तासाला एकदा हातांवर जोर देऊन उठणं किंवा डावीकडे-उजवीकडे झुकून मिनिटभर भार हलवणं गरजेचं. रांगेत उभे असताना त्याची आठवण हळूच करा, ओरडून नाही.

राइड

राइडवरचे नियम बघून लोक चिडतात, म्हणून त्यामागचं कारण आधी समजून घ्या. राइड मध्येच बंद पडली तर लोकांना उंचावरच्या अरुंद जिन्यानं चालवत खाली आणतात. झटक्यात मान आणि कंबर सावरावी लागते, हातानं दांडा घट्ट धरावा लागतो. काही राइडचा दांडा मांड्यांवर बसतो. मांड्या बारीक असतील तर तो नीट अडकत नाही आणि माणूस खालून सरकू शकतो. "आम्ही लिहून देतो, जबाबदारी आमची" म्हणून तो दांडा घट्ट बसत नाही. त्यामुळे मोठ्या रोलरकोस्टरला नकार आला तर वाद घालू नका.

पण "व्हीलचेअर असेल तर कुठेच नाही" असं सरसकट ऐकू आलं, तर ते तसंच सोडूही नका. कुठली राइड, कुठल्या कारणानं, हे सुपरवायझरकडून विचारून घ्या. २०१६ च्या कायद्यानं सुलभतेची जबाबदारी खासगी सेवा देणाऱ्यांवरही टाकली आहे. आवाज न चढवता, कारण विचारत राहिलं की बहुतेकदा मधला मार्ग निघतो. आणखी एक: ऑपरेटर सोबत्याकडे बघून "यांना जमेल का?" विचारतो. तुम्ही उत्तर देऊ नका. "त्यांनाच विचारा की" म्हणा आणि गप्प बसा.

सुरुवात कुठून करावी? मोठ्या पडद्यासमोरचे शो, अंधारातून फिरणाऱ्या छोट्या गाड्या, आगगाडी, परेड, स्टेजवरचे कार्यक्रम. शोमध्ये सीट हलते की स्थिर राहते हे विचारा. फिट्स येत असतील तर लखलखत्या दिव्यांबद्दलही विचारा. होडीच्या राइडला जपून. होडी खुर्चीपेक्षा खाली असते. खाली बसणं सोपं, उतरल्यासारखं होतं. पाच मिनिटांनी ओल्या कपड्यांनी, निसरड्या फळीवरून वर यायचं असतं, तेव्हा खरी परीक्षा. वर यायचा मार्ग ठरल्याशिवाय खाली बसू नका.

आता खुर्चीतून सीटवर जायची पद्धत. ही घरी सोफ्यावर आणि गाडीच्या सीटवर चार-पाच वेळा करून ठेवा, म्हणजे प्लॅटफॉर्मवर मागची रांग बघत असताना गडबड होत नाही.

खुर्ची सीटला अगदी चिकटून, थोडी तिरकी लावा. एका बाजूचा पॅरॅलिसिस असेल तर चांगली बाजू सीटकडे. दोन्ही ब्रेक. फुटरेस्ट वर करून बाजूला, त्या बाजूचा हाताचा दांडा निघत असेल तर काढा. बसलेल्यानं पुढच्या कडेला सरकायचं, पावलं जमिनीवर टेकवायची. मदत करणाऱ्यानं समोर उभं राहून गुडघे वाकवायचे, कंबर ताठ ठेवायची, आणि कमरेभोवती बांधलेल्या रुंद पट्ट्याला धरायचं. काखेत हात घालून ओढायचं नाही. लुळ्या बाजूचा खांदा त्यानं निखळू शकतो. मग तिसरा कोणी नाही, बसलेलाच मोजणार: "एक, दोन, तीन." तीनला दोघं मिळून पुढे झुकायचं, थोडं वर, वळायचं, खाली. पाय आपटले का, कातडी सीटच्या कडेला घासली का, ते लगेच हात फिरवून बघा. स्पर्श कळत नसेल तर जखम झालेली तिथे कळणारच नाही, आठवड्यानं कळते.

उचलायचीच वेळ आली तर खुर्ची फक्त तिच्या पक्क्या सांगाड्याला धरून. हाताचे दांडे आणि फुटरेस्ट निघतात. धरलं की हातात येतात आणि माणूस खाली.

राइड सुटली की खुर्चीचं काय? अनेक ठिकाणी चढायचं एका बाजूला, उतरायचं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे दर राइडला एकजण खाली राहणार, खुर्ची घेऊन उतरण्याच्या फलाटावर उभा राहणार. कोणी कुठल्या राइडला राहायचं हे सकाळीच वाटून घ्या. नाहीतर दर वेळी तोच एक भाऊ किंवा बहीण खाली राहते आणि तिची ट्रिप खुर्ची सांभाळण्यातच जाते.

ग्रुप फोडायचा, पण नियम करून

दहा-बारा जण दिवसभर एकत्र फिरणं तसंही अशक्य. पोरांना मोठ्या राइड हव्यात, मावशीला फोटो, आजीला सावली. अकरा ते एक जो तो आपापल्या वाटेनं, एक वाजता अमुक ठिकाणी जेवण, तीननंतर सगळे मिळून एक शो, असं ढोबळ ठरवा. खुर्चीसोबत कायम दोन माणसं, आणि ती जोडी दर दोन तासांनी बदलणार. तिचा फोन नंबर सगळ्यांकडे, पॉवर बँक तिच्याकडे.

ज्याची खुर्ची आहे त्यालाही कधी "मला इथे अर्धा तास एकट्याला बसू दे" म्हणायचा हक्क आहे. चार जण सतत भोवती घोटाळले की गुदमरायला होतं.

जेवणाची जागा बघताना टेबलाखाली गुडघे जातात का बघा. जमिनीला आणि टेबलाला जोडलेली स्टुलं असतील तर खुर्ची टोकाच्या मोकळ्या बाजूला लावा. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, त्यामुळे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच संपवा.

ढकलणाऱ्यासाठी थोडं

पुढची छोटी चाकं ही खुर्चीची नाजूक नस. पार्कात जमिनीवर टाकलेले केबलचे कव्हर, गटारीवरच्या जाळ्या, शोभेची खडी, लाकडी पूल, सगळीकडे तीच अडकतात, आणि अडकली की खुर्ची थांबते पण माणूस पुढे जातो. अशा जागी आधी सांगा, "मागे झुकवतोय हां", मग मागच्या खालच्या नळीवर पाय देऊन पुढची चाकं उचला आणि मोठ्या चाकांवर ती जागा ओलांडा. पायरी चढताना पुढची चाकं आधी, उतरताना उलटं वळून मोठी चाकं आधी. जास्त उतार असेल तर तुम्ही खालच्या बाजूला राहून उलटं उतरा.

हँडलला बॅगा लटकवू नका. माणूस बसलेला असतो तोवर ठीक वाटतं. तो सीटवर सरकला की खुर्ची मागच्या मागे पडते. आणि ब्रेक न लावता हात सोडायचा नाही, सेल्फीसाठी तर मुळीच नाही.

वॉटर पार्क

शक्य आहे, पण वेगळा दिवस ठेवा. लाटांच्या तलावात समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जाणारा उतार असतो, तिथे काठावरच्या उथळ पाण्यात बसणं सगळ्यात सुखाचं. स्लाइड्सना उंच जिने असतात, त्यांचा विचार सोडा. पाण्यात न्यायची खुर्ची पार्ककडे आहे का विचारा. नसेल तर प्लास्टिकची साधी खुर्ची दोघांनी धरून, तीही काठापुरतीच. कपडे नायलॉनचेच चालतात, ते घरून न्या; ओल्या खोलीत बदलायला वेळ लागतो, तो धरून चला. आपली नेहमीची खुर्ची पाण्यात घालू नका.

पिशवी

हवेचा पंप, नटबोल्टचा पाना, केबल टाय, चिकटपट्टी, जाड प्लास्टिक पिशव्या, टिश्यू, हँड सॅनिटायझर, जास्तीची पँट, डायपर किंवा कॅथेटरचं साहित्य दुप्पट, औषधं मूळ पाकिटात, ओआरएस, स्प्रेची बाटली, टोपी, हातमोजे. हातमोजे खुर्चीवर बसणाऱ्यासाठी, स्वतः चाक फिरवत असेल तर. उन्हात कडं भाजतं.

घरी आल्यावर

त्याच रात्री, कितीही दमला असलात तरी, बसायच्या जागेची, टाचांची आणि घोट्यांची कातडी उजेडात बघा. लाल डाग दिसला आणि दाब काढूनही अर्ध्या तासात गेला नाही, तर त्या जागेवर भार देणं बंद करा आणि सकाळी डॉक्टरांना दाखवा. खुर्ची पुसा. पुढच्या चाकांच्या आसात केस आणि धागे गुंडाळलेले असतात, ते कात्रीनं काढा. पाणी गेलं असेल तर चाकं काढून वाळवा, तेलाचा थेंब द्या. ट्रिपमध्ये मोजलेल्या दारांची मापं, कुठल्या राइडला बसता आलं आणि कुठे किल्लीसाठी वीस मिनिटं थांबावं लागलं, हे सगळं पार्कला नावगावासकट लिहून कळवा आणि आपल्या ग्रुपवरही टाका. पुढच्या वेळी पेठेतून दुसरा कोणी निघाला की त्याचा पहिला फोन तुम्हालाच येणार आहे.